उघडा राहिलेला सेट

"पाणी दिलंत का हो शेवटी दादांना?" दंतवैद्यानं विचारलं, आणि विचारलं तेही केव्हा, तर खुर्चीत आडव्या झालेल्या त्याच्या तोंडात कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी आणि खुद्द दंतवैद्याची दोन बोटं असताना. खुर्ची मागे कललेली, डोळ्यांवर दिवा. त्याच्या घशातून नुसतं "आँ" निघालं. "बोलू नका, जीभ लागेल," असं म्हणून दंतवैद्यानं यंत्र सुरू केलं आणि डोक्याच्या आतच कोणीतरी फरशी कापायला घेतली. जबडा बधिर केलेला होता, तिथं दुखायचा प्रश्नच नव्हता. खुपत होता तो 'शेवटी' हा शब्द. पाणी दिलंत का, एवढंच विचारलं असतं तर ती साधी चौकशी झाली असती. आजारी माणसाबद्दल लोक हेच विचारतात, पाणी, जेवण, झोप. पण शेवटी म्हणजे आधी दिलं नव्हतं. आणि आधी दिलं नव्हतं हे ह्या गृहस्थाला सांगितलं कोणी? घरात तो आणि दादा, तिसरं माणूस नाही. दिवसाची बाई येते ती तो ऑफिसला निघताना, आणि पाण्याचा तो प्रकार झाला होता त्याच्याही आधी. चूळ भरायला उठवलं तेव्हा त्यानं बेसिनवर वाकूनच विचारलं, "काय म्हणालात मघाशी?" अर्धा ओठ मेलेला, शब्द हनुवटीवरून ओघळले. दंतवैद्य हातमोजे काढत होता. "काही नाही. त्या बाजूनं चावू नका इतक्यात," म्हणाला. मग पाठमोरा होऊन, "उद्या सकाळी भेटूच."

उद्या सकाळी भेटूच, म्हणजे हवेत. दंतवैद्य, निवृत्त हेडमास्तर, बंदरावरचा क्रेनवाला आणि शहराबाहेर रोपवाटिका चालवणारी मावशी, ही सगळी हौशी रेडिओवाली मंडळी. प्रत्येकाच्या घरात एका टेबलावर स्वतःचं केंद्र, गच्चीवर ताणलेली एरियल, भिंतीवर चौकटीत परवाना आणि त्यावर सरकारनं दिलेलं अक्षरांचं केंद्र-नाव. कामाला लागायच्या आधी रोज सगळ्यांनी एका ठरलेल्या लहरीवर सेट लावायचा आणि पाळीपाळीनं बोलायचं. कोणाचा आवाज कसा येतो, कोणाच्या एरियलचा जोड गंजला, कोणाकडे कसली खरखर होते. ह्याला नाव 'सकाळचं वर्तुळ'. हे वर्तुळ दादानं सुरू केलं होतं आणि अर्धं अंग जाऊन अंथरुणाला खिळेपर्यंत त्यानंच चालवलं होतं. आता तो चालवत होता. दादाचा धाकटा भाऊ. रस्त्यानं चालताना त्याला वाटलं, समोरून येणारा प्रत्येक माणूस आपल्या वाकड्या तोंडाकडे बघतोय. दुकानाच्या काचेत त्यानं स्वतःला बघितलं तर खरंच, डावी बाजू लोंबत होती, हुबेहूब दादासारखी. त्यानं रुमाल काढून तोंडावर धरला आणि झपझप चालायला लागला.

एक खरं होतं, आवाज म्हणावा तर त्याचाच. लिफ्टच्या एका कंपनीत तो तक्रारीच्या टेबलावर होता. दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं आतलं बटण दाबून किंचाळायची, आणि हा इकडून मधात बोट बुडवून बोलल्यासारखं सांगायचा, "घाबरू नका. माणूस निघालाय. मी इथंच आहे, तुम्ही बोलत राहा." माणूस बऱ्याचदा निघालेला नसायचा, कधी जेवायलाही बसलेला असायचा. पण बायका रडायच्या थांबायच्या, पुरुष वरमून सॉरी म्हणायचे. वर्तुळातही सगळे ह्या आवाजावर फिदा. "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं हो," मावशी उठसूट म्हणायची. "लग्न नाही केलं, संसार नाही मांडला, सगळं त्या भावासाठी." तो म्हणायचा, "छे छे, मावशी, माझं कसलं आलंय. त्यांनी मला वाढवलं." आणि हेडमास्तर घसा खाकरून म्हणायचे, "हे संस्कार." सगळ्या आयुष्यात त्याला कोणी मोठं म्हटलं असेल तर ते ह्या चार माणसांनी, आणि तेही न बघता. ऑफिसात त्याला जो तो अरेतुरे करायचा. त्याला ह्या चार आवाजांची अशी सवय लागली होती की रविवारी हेडमास्तरांकडे पाहुणे आले आणि ते हजर नसले तर त्याचा दिवस फुकट जायचा. आणि आता ह्याच चौघांपैकी एकानं विचारलं होतं, शेवटी दिलंत का.

कसं कळलं असेल, ह्याचा विचार त्यानं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांसारखा केला. वरून सुरुवात करून एकेक मजला खाली. दादा कोणाला सांगू शकत नाही, फोन त्याच्या हाताला लागत नाही. बाई कानात बोंडं खुपसून दिवसभर मालिका ऐकते, तिला जगाचं सोयरसुतक नाही. भिंतीपलीकडचे शेजारी गेल्या वर्षीच सोडून गेले. मग उरलं काय? तो फुटपाथच्या मधोमध थांबला. मागून येणारी एक बाई त्याच्यावर आदळली आणि "काय हो, डोळे फुटले का?" म्हणत पुढे गेली. त्याला ऐकू आलं नाही. त्याला व्हॉक्स आठवला होता.

व्हॉक्स म्हणजे काही मोठी भानगड नाही. एरवी बोलायचं असेल तर माइकवरचं बटण दाबून धरावं लागतं. व्हॉक्स लावला की तुम्ही तोंड उघडलंत की सेट आपणहून हवेत जातो, गप्प बसलात की आपणहून परत येतो. हात मोकळे. त्यानं तो महिन्यापूर्वी बसवला होता आणि त्याचा त्याला कोण अभिमान! कारण हे केंद्र त्यानं नखशिखांत सुधारलं होतं. दादाच्या राज्यात त्याला एवढंच काम असायचं, फडकं मारणे, स्पिरिटनं बटणांचे संपर्क पुसणे, पावसाळ्याआधी गच्चीवर जाऊन केबलच्या जोडाला मेण लावणे. बोलायचं नाही. स्वतःचा परवाना काढला तरी बोलायचं नाही. "हा आमचा मदतनीस," दादा हवेत ओळख करून द्यायचा, आणि तो मागे फडकं घेऊन उभा. दादाला झटका आला त्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्यानं टेबलाला हात घातला. पलंग त्याच खोलीत होता, दादानंच इशाऱ्यानं मागून घेतला होता, केंद्र डोळ्यांसमोर हवं म्हणून. बरं झालं. दादानं वर्षानुवर्षं खपून हातानं बांधलेला ट्रान्समीटर त्यानं पलंगाशेजारी, दादाच्या डोळ्यांदेखत उकलला. एकेक गुंडाळी काढून वर धरायची आणि गोड आवाजात विचारायचं, "हा कथलाचा डाग कोणी दिलाय, दादा? इतका गचाळ? शाळकरी पोरानंही बरा दिला असता." मग ती केराच्या बादलीत टाकायची. दादाचा चांगला डोळा बादलीकडे जायचा आणि परत यायचा. नवा सेट आला. जुन्या अँप्लिफायरमध्ये बोलायला लागलं की 'टक' असा चावीचा आवाज व्हायचा, तो त्यानं काढून मुका, आवाज न करणारा जोड बसवला. पॉवर सप्लाय टेबलावर तापायचा म्हणून खाली बुटक्या स्टुलावर घेतला, वारा लागतो. सेटच्या पुढच्या पडद्यावर धूळ बसू नये म्हणून वर्तुळ संपलं की स्वच्छ रुमाल. माइक लांब हातावर टांगलेला, टेबल आणि पलंग ह्यांच्या मधोमध. त्याचा आवाज मुळात हळू, म्हणून व्हॉक्सचा कान चांगला तिखट करून ठेवलेला. आणि सेट बंद मात्र करायचा नाही. ही दादाची शिकवण. चालू-बंद करून सेट मरतो, गरम राहिला तर लहरीवरून सरकत नाही, काम झालं की फक्त आवाजाची खुंटी शून्यावर न्यायची. बाकी सगळं त्यानं बदललं होतं, हा एक नियम तेवढा पाळला होता.

म्हणजे महिनाभर. वर्तुळ संपायचं, सगळे "येतो मग" म्हणायचे, तो खुंटी शून्यावर न्यायचा, रुमाल टाकायचा आणि पलंगाकडे वळायचा. आणि त्याचा प्रत्येक शब्द जात होता. बाकीचे ओरडले असतील कदाचित, तुमचा सेट उघडा राहिलाय हो, तुमचा सेट उघडा आहे. पण शून्यावर नेलेल्या खुंटीतून कोण ऐकणार?  रस्त्याकडेच्या एका गेटाच्या लोखंडी खांबाला धरून तो उभा राहिला आणि काय काय बोललो ते आठवायला लागला. चढून कधी बोललोच नाही, असं मनाला बजावून बघितलं. खरंच होतं. त्यानं दादावर आवाज कधी चढवला नव्हता, हात तर मुळीच उगारला नव्हता. लहानपणी दादानं त्याला तारेची लिपी शिकवली होती ती लाकडी पट्टी हातात घेऊन. आईवडील गेल्यावर दादाच बाप. ताट समोर वाढलेलं, भात गार होतोय, आणि दादा म्हणतोय, "पुन्हा." एक ठिपका चुकला की बोटांच्या पेरांवर पट्टी आणि "पुन्हा." अख्खा परिच्छेद बिनचूक ऐकून उतरवला तर जेवण. किती रात्री तो तसाच झोपला होता, उशीत तोंड खुपसून, भाताच्या वासानं. तो फक्त तेवढंच परत करत होता, आणि पट्टीशिवाय. सकाळी पाण्याचा कप हातात घ्यायचा, दादाच्या तोंडापासून वीतभर लांब धरायचा आणि म्हणायचं, "आधी तुझं केंद्र-नाव सांग. एकेक अक्षर, नीट." दादाच्या अर्ध्या जिभेवरून अक्षरं घसरायची, एकमेकांत चिकटायची. "पुन्हा." लाळ गळायची. "पुन्हा, दादा. घाई नाही, माझ्याकडे भरपूर वेळ आहे." अगदी लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईशी बोलावं तशा आवाजात. काल सकाळी दादा रडला होता. पाणी दिलं का काल? दिलं असणार. दिलं की बाई आल्यावर तिनं दिलं? त्याला आठवेना.

घरी आला तो तडक खोलीत. बाई चप्पल घालून निघालीच होती, "जेवलेत, झोपलेत," एवढं बोलून गेली. दादा झोपला नव्हता. कुशीवर, टेबलाकडे तोंड करून पडला होता, रोजच्यासारखा. त्यानं रुमाल उचलला. पडद्यावर आकडे चमकत होते, व्हॉक्सची खूण चालू होती. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो गुडघ्यांवर बसला, मग खाली वाकून त्यानं डोकं दादाच्या डोक्याच्या पातळीला आणलं आणि दादा जिकडे बघत होता तिकडे बघितलं. बुटक्या स्टुलावरचा पॉवर सप्लाय. त्याच्या तोंडावर वीज किती ओढली जातेय ते दाखवणारा काटा. उभ्या माणसाला तो दिसायचा नाही, टेबलाची कड आड यायची. पलंगावरून मात्र समोरासमोर. तो हळूच म्हणाला, "एक." काटा उडाला आणि खाली पडला. "दोन." उडाला. त्यानं झटकन हात घालून सेटच बंद केला. मग मान वळवली. दादाचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून इतक्या जवळ पुष्कळ वर्षांत आला नव्हता. चांगल्या बाजूचा ओठ वर गेला होता. दादा हसत होता.

"कधीपासून कळलं तुला?"

"पहिल्या... दिवशी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू..." दादानं थुंकी गिळली. त्याचं बोलणं मोडक्या नळासारखं, थांबून थांबून यायचं. "तू विचारलं... नाहीस."

"मुद्दाम पाणी मागायचास? मुद्दाम रडलास काल?"

दादानं जरा विचार केला. खोटं बोलायची त्याला कधी सवय नव्हती. "तहान... लागायची," म्हणाला. "मुद्दाम पण."

 तो उठून उभा राहिला. भीती कसली वाटत होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दादाशी वाईट वागल्याची टोचणी त्याला लागली नव्हती. उद्या सकाळी ती चार माणसं त्याला काय म्हणतील, ही भीती होती. त्याचं नाव गेलं होतं. ऑफिसात नाव नव्हतं, गल्लीत नव्हतं. होतं ते हवेत, आणि हवेतलंच गेलं. संध्याकाळभर तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिला. जबड्यातला बधिरपणा उतरला आणि दाढ ठणकायला लागली. आणि ठणक्याबरोबर त्याला राग आला, पण तो दादाचा नाही. अरे, महिनाभर! महिनाभर ह्या सज्जनांना फोन करता आला नाही? शेजारपाजाऱ्यांना कळवता आलं नाही? क्रेनवाला तर दोन गल्ल्या पलीकडे राहतो, येऊन दार ठोकायचं होतं. त्यातलं काही नाही, सगळ्यांनी रोज सकाळी चहाचा दुसरा कप भरला आणि खुर्ची सेटजवळ ओढली. पुढे काय होतंय, आज देतोय का पाणी. मावशीनं डोळे पुसले असतील, हेडमास्तरांनी त्याच्यावर मनातल्या मनात व्याख्यान दिलं असेल, पण सेट बंद कोणी केला नाही. आणि दंतवैद्य बोलला तो दुसऱ्याच्या तोंडात बोळे घालून. वा रे शूर! हा विचार सुचला तसं त्याला जरा बरं वाटलं. ऐकायचंय ना ह्यांना? ऐका मग.

सकाळी त्यानं सेट लावला. "सुप्रभात मंडळी." क्षणभर नुसती खरखर. मग एकेक आला. सगळ्यांनी त्याला आवाजाचे पूर्ण मार्क दिले, जसे रोज देतात. चेहरे नसल्यामुळे त्याला काही कळत नव्हतं, कळत होतं ते एवढंच की मावशीनं दादांची चौकशी केली नाही आणि दंतवैद्याला आज दवाखान्यात लवकर जायचं होतं. "येतो मग," सगळे म्हणाले. त्यानं खुंटी शून्यावर नेली, रुमाल टाकला, सगळं नेहमीसारखं. व्हॉक्स चालू. मग तो पलंगाकडे वळला आणि वाकून काट्यावर एक नजर ठेवून म्हणाला, "दादा, तहान लागली का रे? थांब, उशी उंच करतो. असं. हळू, हळू, ठसका लागेल." काटा नाचत होता. दादानं ओठ घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून गादीत गेलं. "छान," तो म्हणाला. "आता बरं वाटेल." दादाचं न पिणं कोणाला ऐकू जाणार होतं? दुसऱ्या दिवशी दादानं सगळा जोर काढून म्हटलं, "खो... टं." "खोकला येतोय? थांब, पाठ चोळतो," तो म्हणाला, आणि खरोखर चोळली. त्या रुंद पाठीची हाडं हाताला लागली तेव्हा त्याला एकदम वाटलं की ह्या पाठीवर आपण लहानपणी कधी बसलो होतो, जत्रेत की बाजारात कुठंतरी, खाली माणसंच माणसं. हात थांबला. मग त्याला माइक आठवला आणि तो म्हणाला, "बरं वाटतंय ना?"

हे हवेतलं झालं. रुमालाखाली हात घालून व्हॉक्स बंद केला की मात्र तो बोलायचा नाही. सुरुवातीला त्यात डाव असा काही नव्हता, हे कबूल करायला हवं. त्याला आता खोलीचाच भरवसा वाटेना, कुठून काय जाईल कोण सांगावं, त्यापेक्षा तोंड बंद बरं. शिवाय सकाळचं सगळं गोड बोलून झालं की आत काही उरायचं नाही. पण दोन-चार दिवसांत त्याच्या लक्षात आलं की ह्यात त्याच्या नावाला कुठून धक्काच लागत नाही. पाणी वेळेवर. सूप गरम. चादर रोज बदललेली, कुशी न चुकता पालटलेली, नखं कापलेली. अक्षरं म्हणायला लावणं बंद. कोणी येऊन बघितलं तर बोट ठेवायला जागा नाही. फक्त एक शब्द नाही. दादा म्हणायचा, "आज... ऊन आहे का?" तो पडदा सरकवून ऊन दाखवायचा आणि जायचा. दादा विचारायचा, "कोण... आलं होतं दारात?" तो त्याचं पांघरूण नीट करायचा. गप्प बसलेल्या माणसावर आरोप तरी कसला करणार? त्यानं आणखी एक सुधारणा केली, नवे हेडफोन आणले. वर्तुळात सांगितलं, "स्पीकरचा दादाला त्रास होतो हो, त्याची झोप मोडते." "किती करता तुम्ही," मावशी म्हणाली, पुष्कळ दिवसांनी. तोवर दादा सकाळी स्पीकरमधून त्या चौघांना ऐकायचा. ज्यांना त्यानं एकेक करून शोधून जमवलं होतं, ते आता भावाच्या दोन कानांत गेले. दादा पडल्या पडल्या भावाचे ओठ हलताना बघायचा, हसू बघायचा, आणि कशावर हसला ते कळायचं नाही.

दादा टिकला, नाही असं नाही. हट्टी मूळचाच. पण वर्तुळ संपायचं, रुमाल पडायचा, आणि "दादा, कसा आहेस आज?" असा आवाज यायचा, आणि दिवसभरात पुन्हा यायचा नाही. एका सकाळी दादानं पाणी प्यायलं. पुढे एकदा विचारलं, "आज... कोण कोण?" आणि ह्यानं काट्याकडे बघत सगळं रंगवून सांगितलं, हेडमास्तरांच्या एरियलवर कबुतरानं घरटं केलंय आणि मास्तर त्याला हाकलायचं सोडून दाणे टाकतायत, क्रेनवाल्याची मुलगी पास झाली, मावशी तुझी आठवण काढत होती. दादाच्या घशातून घरघर आली. ते हसणं होतं. काटा त्या हसण्यानं अर्ध्यापर्यंत गेला. "बाळ," दादा म्हणाला. पट्टीच्या आधीच्या दिवसांत तो त्याला बाळ म्हणायचा. ह्याला कसंतरीच झालं. चौघंजण ऐकत होते म्हणून तो म्हणाला, "हो, दादा." त्यानंतर त्यानं बघितलं की दादा आता काट्याकडे बघतच नाही. तो त्याच्या तोंडाकडे बघतो, सकाळ होण्याआधीपासून, जागा राहून.

वर्तुळातली मंडळी विरघळली. लोकांना वाईट ऐकायला आवडतं तसं माणूस सुधारला हे ऐकायलाही आवडतं, आणि आपल्यामुळे सुधारला असं वाटलं तर विचारूच नका. दंतवैद्य हवेतच म्हणाला, "मागे मी तुम्हाला काही वेडंवाकडं बोललो असेन, मनावर घेऊ नका." "कधी हो? मला तर आठवत नाही," तो म्हणाला. हेडमास्तरांनी ठराव मांडला की दादांच्या जागी आता वर्तुळाचे कायमचे सूत्रधार म्हणून ह्यांनाच नेमावं, आणि क्रेनवाला "मंजूर, मंजूर" असा ओरडला की हेडफोनमध्ये कान दुखले. आणि मग मावशी, सगळ्यांचं झाल्यावर, जरा खालच्या आवाजात म्हणाली, "एक सांगू का? तुमचा सेट कधीकधी आपलं बोलणं संपल्यावरही उघडा राहतो हं. जरा बघून घ्या. घरातलं घरात राहिलेलं बरं."

"अरे बापरे! कधीपासून?"

"आत्ता आत्ताच," मावशी म्हणाली. "परवापासून असेल."

बाकी तिघं काही बोलले नाहीत. त्यानं सगळ्यांचे मनापासून आभार मानले, आजच बघतो म्हणाला. कोणाचीच लाज गेली नाही. नाव परत आलं होतं, उलट आधीपेक्षा मोठं होऊन. त्यानं हेडफोन काढले, सेट बंद केला, स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं आणि व्हॉक्सची तार उपसून काढली. तिथं जुन्या पद्धतीचं, पायानं दाबायचं बटण जोडलं. हात सराईत होता, डाग स्वच्छ बसला. दादा बघत होता. आज "कसा आहेस" झालं नव्हतं.

"काय... करतोस?"

त्यानं झाकण लावलं.

"नको... काढू ते." दादा कोपरावर उठायला बघत होता, उठता येत नव्हतं. "मी काही... बोलणार नाही. तू म्हणशील... ते म्हणेन. त्यांच्यासमोर."

सेट पुन्हा चालू झाला. त्यानं "एक, दोन" म्हटलं नाही, नुसता पाय दाबून माइकवर टिचकी मारली. बटण चोख काम करत होतं. मग पाण्याची वेळ झाली होती म्हणून कप भरला, दादाच्या मानेखाली हात घातला आणि पाजलं. सगळं, शेवटच्या घोटापर्यंत. दादानं त्याची बाही चांगल्या हातानं धरली. त्या हातात अजून जोर होता.

"काहीतरी बोल," दादा म्हणाला. "शिवी दे... हवं तर."

त्यानं बाही सोडवून घेतली, दादाची हनुवटी पुसली, कप विसळून जागेवर ठेवला आणि हेडफोन कानाला लावले.